पालकांचे समाधान आणि मुलांची साक्ष



वाळूजच्या कामगार वस्तीत ‘शाळा कशी आहे?’ असे बापाला विचारले, तर तो फी, निकाल आणि इंग्रजी माध्यम यांविषयी बोलतो. त्याच घरातले मूल वेगळे सांगते: प्रश्न विचारता येतो की नाही, मार बसतो का, स्वच्छतागृहात पाणी असते का. शाळा एकच, पण दोघांची मापे निराळी आहेत.

या तफावतीला इतिहास आहे. निजामी राजवटीत मराठवाड्यात शिक्षणाचे सरकारी माध्यम उर्दू होते. अशा काळात, 1915 साली, औरंगाबादेत सरस्वती भुवन शाळा निघाली. 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आले, 1958 साली विद्यापीठ झाले. वंचित राहिलेल्या पिढीला दार उघडल्याचेच समाधान होते आणि ते रास्तच होते. पण मुलांनी पुढचा प्रश्न विचारला: शिकून करायचे काय? 1974 चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांच्या याच असंतोषातून पेटले.

आजचा कष्टकरी पालकही स्वतःला जे मिळाले नाही त्याच्याशी शाळेची तुलना करतो. कर्ज काढून फी भरल्यावर शाळा वाईट आहे हे कबूल करणे त्याला परवडत नाही. सरकारी शाळेत गुरुजींपुढे तोंड उघडण्याचे त्याला धाडस होत नाही. अशा समाधानात अगतिकताही मिसळलेली असते, आणि संस्थाचालक त्यालाच शाळेचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवतात.

कायद्यानेही पालकालाच खुर्ची दिली आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या घटकांची नावे सांगणाऱ्या 21 व्या कलमात विद्यार्थी नाही. विनाअनुदानित खासगी शाळांना तर या समितीचे बंधनच नाही. भारताने 1992 साली स्वीकारलेल्या बालहक्क करारात मात्र मुलाला स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे. शिक्षणहक्क कायद्याचे 17 वे कलम मारझोडीला व मानसिक छळाला मनाई करते; पण मार खाणाऱ्याला कोणी विचारलेच नाही, तर ते कलम कागदावरच राहते.

कार्यकर्ते प्रवेशासाठी आणि फीवाढीविरुद्ध पालकांना संघटित करतात. ते केलेच पाहिजे. मात्र प्रत्येक पालकसभेपूर्वी, शिक्षक समोर नसताना, मुलांचे म्हणणे ऐकून नोंदवावे आणि नावे न घेता सभेत वाचून दाखवावे. पालक आणि मूल यांत भांडण लावण्याचा हा उद्योग नव्हे. पोटाला चिमटा घेऊन आपण जे विकत घेतो ते शिक्षणच आहे काय, हे पालकाला दुसरे कोण सांगणार?