फुटपाथवर निजणारा माणूस कोणत्या गावचा?

(रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, येथे गावकऱ्यांच्या सभेपुढे केलेले भाषण)



सभेची दवंडी फिरली तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी मला वाटेत गाठले आणि म्हणाले, “कापसाले भाव नाही, अन् तू आमाले मुंबईच्या फुटपाथाचं काय सांगतं?” बाबा समोरच बसले आहेत. त्यांचा प्रश्न खरा आहे, म्हणून आरंभी त्याचेच उत्तर देतो. त्या फुटपाथावर जो निजला आहे तो मुंबईत उपजलेला नाही. तो कोठल्या तरी गावचा कुणबी आहे, चांभार आहे, मातंग आहे, बेलदार आहे. मलकापूरच्या स्टेशनावर रात्रीच्या गाडीला जी माणसे गाठोडे आणि पिंप घेऊन बसतात, त्यांना उतरल्यावर कोणी पलंग देतो काय? पहिली रात्र कोठे जाते, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारा.

सरकारनेही ही माणसे मोजली आहेत. २०११ च्या खानेसुमारीत बिनघरांची गणती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली. कारण दिवसा ती कामावर असतात आणि रात्रीच सापडतात. देशात सुमारे १७ लाख ७० हजार भरली, आपल्या महाराष्ट्रात २ लाखांवर, आणि एकट्या मुंबईत ५७ हजारांवर. एका रात्रीत, कंदील-बॅटरी घेऊन, पुलाखाली आणि दुकानांच्या फळ्यांवर जेवढी दिसली तेवढीच ही.

आता एका माणसाची हकीकत सांगतो. ती माझ्या पदरची नाही, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिलेली आहे. संगमनेरचा एक चांभार. गावी दिवसाला ७-८ रुपये मिळवी. घर म्हणावे असे जे काही होते ते पडले. १९६९ साली तो मुंबईस गेला आणि बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथावर त्याला जागा मिळाली, पण कशी? तेथल्या एका गुंडाला ३०० रुपये मोजून. वर बांबू आणि प्लास्टिकच्या कापडाला ७०० रुपये. बायांनो, तुम्ही घरचा हिशेब ठेवता, तुम्हीच करा. एक हजार रुपये म्हणजे त्याचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. दुसरा माणूस तमिळ मुलुखातल्या सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळाने १९६१ साली आलेला. दहिसरच्या कारखान्यात रोज २३ रुपये. त्याने रस्त्याकडेच्या खोपटासाठी झोपडीदादाला २५०० रुपये दिले, म्हणजे शंभराहून अधिक दिवसांची मजुरी. आणि शहरातले शहाणे लोक म्हणतात की हे फुकट राहतात! फुकट काही नाही. भाडे द्यावे लागते. ते फक्त पावतीवाल्या मालकाला जात नाही.

१३ जुलै १९८१ रोजी त्या वेळचे मुख्यमंत्री अंतुले ह्यांनी जाहीर केले, की फुटपाथावरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांस मुंबईतून काढून त्यांच्या त्यांच्या मुलुखास पाठवावे. महिना जुलैचा. आपण त्या दिवसांत गुरेसुद्धा उघड्यावर बांधत नाही. २३ जुलैला खोपटी मोडली, आणि सेलमच्या त्या मजुराला बायको व तीन मुलींसह एस.टी.त बसवून दिले. बायको-मुली गावी राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात पुन्हा मुंबईस आला आणि पुन्हा फुटपाथावरच राहू लागला. सरकारची गाडी, डिझेल, पोलिसांचा पगार, एवढे सगळे खर्चून निष्पन्न काय झाले? एक संसार दोन ठिकाणी झाला. सेलमात काम असते तर तो मुळात निघालाच कशाला असता?

ह्या लोकांच्या आणि ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार बाईंच्या अर्जावर १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड होते. त्यांनी स्पष्ट लिहिले की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो; उपजीविका काढून घेतली तर जीव काढून घेतल्यासारखेच आहे. हा शब्द लहान नव्हे. आजही गरिबाचा वकील कोर्टात प्रथम तोच निकाल पुढे ठेवतो. परंतु त्याच निकालात पुढे असेही आहे की फुटपाथ ही चालण्याची जागा आहे, राहण्याची नव्हे. म्हणून नोटीस देऊन, म्हणणे ऐकून, पालिकेला ती मोकळी करता येईल. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हात लावू नये. १९७६ च्या गणतीत ज्या झोपडीवाल्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना दुसरी जागा द्यावी. बाकीच्यांना? बाकीच्यांना नोटीस. पोटाचा हक्क दिला, पण पाठ टेकण्याची जागा सरकारच्या मर्जीवर राहिली. मी कायदेपंडित नाही. पण भाकरीचा अधिकार आहे आणि चूल मांडायचा नाही, हे माझ्यासारख्या अडाण्याला उमगत नाही.

येथे कोणी म्हणेल, रस्ता चालणाऱ्यांचा नाही काय? आंधळ्याने, शाळकरी पोराने, पोटुशी बाईने मोटारीपुढून चालावे काय? हा आक्षेप मी उडवून लावत नाही. फुटपाथ हे घर नव्हे, आणि ते घर व्हावे असे मागणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. तेथे राहणाऱ्या बाईला विचारा. आडोशावाचून अंघोळ करताना तिला काय सोसावे लागते ते ती सांगेल. भायखळ्याच्या अशाच बायांनी १९८६ साली महिला मिलन म्हणून आपली संघटना उभी केली. रोजच्या मजुरीतून पैसा पैसा बाजूला टाकला, घर कसे असावे ह्याचे नमुने स्वतः मांडले, आणि सरकारशी जागेसाठी वर्षानुवर्षे बोलत राहिल्या. त्यांना फुटपाथ सोडायचाच होता. तंटा एवढाच, की आधी जागा द्यायची की आधी हाकलायचे.

आणि जागा देण्याचा नियम आहे, बरे का. २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात लिहिले आहे की शहराच्या दर लाख वस्तीमागे निदान १०० माणसांचा, रात्रंदिवस उघडा असणारा निवारा हवा, आणि माणशी ५० चौरस फूट जागा हवी. मुंबईची वस्ती २०११ साली १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे. तितके झाले नाहीत. त्याच्या जवळपासही नाहीत. हाकलण्याचा नियम रातोरात अमलात येतो, आणि निवाऱ्याचा नियम फायलीत निजतो.

आता घरची गोष्ट. दोन सालांमागे माझ्या चुलत भावाला घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो. रोग गळ्याचा. चार दिवसांनी या म्हणाले. चार दिवसांत गावी येऊन परत जायला ना अंगात बळ, ना खिशात पैसे. लॉजचा दर ऐकूनच आम्ही बाहेर आलो आणि इस्पितळाच्या भिंतीला लागून सतरंजी टाकली. तेथे निजणारे आम्ही एकटे नव्हतो. ओळीने तीस-चाळीस माणसे होती, नाकात नळ्या घातलेलीसुद्धा. पहाटे तीनच्या सुमारास ट्रक आला. काठीने सतरंजी उचलली. भाऊ उठून बसला आणि एवढेच म्हणाला, “सायेब, मले कुठी जायाचं ते तं सांगा.” उत्तर आले नाही. गाठोडे ट्रकात गेले. त्या गाठोड्यात त्याच्या तपासणीचे सगळे कागद होते. स्टोव्ह गेला, भांडी गेली, त्याचे मला दुःख नाही, कागद गेले. पुन्हा तपासण्या, पुन्हा रांगा, तीन आठवडे वाया. ते कोणते शहर आणि कोणते खाते, हे मी सांगत बसत नाही. त्या ट्रकावरचा मजूरही कोण्या गावाचाच असेल.

अशा माणसांसाठी आपल्याच वऱ्हाडातल्या एका परिटाने काय केले पाहा. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा. शिक्षण नाही, हाती खराटा. पण कीर्तनाला जमलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वाधीन केली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना तेथे अल्प दरात जागा मिळते. १८७७ च्या दुष्काळात गावे ओस पडली तेव्हा जोतिराव फुल्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी छावणी घातली. ह्यांपैकी कोणी दारी आलेल्यास प्रथम विचारले नाही, की तुझा पत्ता काय.

सरकार मात्र पत्ता विचारते आणि नसला तर गुन्हेगार ठरवते. मुंबईचा १९५९ चा भीक-प्रतिबंधक कायदा आहे. त्याची व्याख्या ऐका. हात पसरणारा तर भिकारी आहेच. पण गाणे, नाच, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा काही विकायला पुढे करणे, अशा मिषाने मागणाराही भिकारी. ह्यात आपला वासुदेव आला, पिंगळा आला, नंदीबैलवाला आला, डोंबारी आला. आणखी एक कलम आहे: उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी हिंडतो किंवा राहतो, तोही भिकारी. वॉरंटावाचून धरता येते, आणि एक ते तीन वर्षे डांबता येते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये ह्यातली बरीच कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता. आणि गंमत पाहा: निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे बेघर माणसाचे नाव मतदार यादीत घालताना अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो त्या जागी निजतो की नाही हे पाहावे. म्हणजे ज्या फरशीवर निजला म्हणून त्याचे मत ग्राह्य, त्याच फरशीवर निजला म्हणून त्याचे अंथरूण जप्त.

शहराला मी पुष्कळ बोललो. आता थोडे आपल्याला. आपले गाव घाटाच्या पायथ्याशी, वाटेवरचे. १४३७ साली आणि पुन्हा १५९० साली येथे लढाया झाल्या. राजांची नावे लिहून ठेवली आहेत. त्या रात्री आपले वाडवडील पोरेबाळे घेऊन कोणत्या नाल्यात निजले हे कोणी लिहिले नाही. हे ज्या गावाने भोगले त्या गावाच्या ई-क्लासच्या जागेत चार पाले पडली की आपण काय करतो? दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाकडे जातो. कोंबडी चोरतील, म्हणतो. पालातली बाई पाणी मागायला आली तर हापशापाशी उभी ठेवतो. मीही केले आहे, म्हणून बोलतो. ट्रक नसतो एवढेच.

तेव्हा ग्रामसभेपुढे मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, पाले पडली तर निदान पावसाळाभर कोणी उठवू नये, आणि पाणी अडवू नये. दुसरा, शासनाला लिहावे की आमच्या तालुक्यातली माणसे ज्या शहरांत कामाला आणि औषधाला जातात, तेथे नियमाप्रमाणे निवारे बांधल्याखेरीज कोणाला रस्त्यावरून उठवू नये, आणि उठवलेच तर कागदपत्रे व औषधे जप्त करू नयेत.

आणखी एक कामाची गोष्ट. गावचे रेशनकार्ड आता दुसऱ्या शहरातल्या दुकानातही चालते, हे बाहेर गेलेल्या पुष्कळांस ठाऊक नाही, फोनवर सांगा. मी एक वही आणली आहे. ज्यांच्या घरचे कोणी बाहेर आहे त्यांनी सभा उठल्यावर येथे यावे आणि तीन गोष्टी लिहून द्याव्या: काम कोणते, फोन कोणता, आणि रात्री निजतो कोठे. शेवटचे लिहिताना कोणी लाजू नये. पहिले नाव माझ्या चुलत भावाचे मी लिहिले आहे.