गाठ निघाली, पुढे काय?

(वज्रेश्वरी येथे झालेल्या महिला आरोग्य शिबिरात आमच्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही. – संपादक मंडळ)



सकाळपासून आपण पाळी, पांढरं जाणं, रक्त कमी असणं यावर बोललो. आता जेवणं झालीत, काही जणींचे डोळे मिटायला लागलेत. मिटू देत. मला बोलायचंय तेही थकव्याबद्दलच. (हशा)

माझ्या गळ्यावर ही आडवी रेघ दिसते ना, ती ऑपरेशनची आहे. सात वर्षांपूर्वी थायरॉईडमध्ये गाठ झाली होती. अर्धी ग्रंथी काढली, अर्धी ठेवली. गाठ तपासायला पाठवली, ती साधी निघाली. घरात पेढे वाटले. टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "आता विसरून जा." मीही विसरले. सासूबाईंना काळजी होती ती एवढीच, की व्रण मंगळसूत्राखाली झाकला जाईल की नाही.

चार-पाच महिन्यांनी सुरुवात झाली. सकाळी उठलं की रात्रभर दळण दळल्यासारखं अंग व्हायचं. मी शिवणकाम करते. दिवसाला चार ब्लाउज सहज व्हायचे, ते दोनावर आले. सुई हातात धरून मी नुसती बसायची. मे महिन्यात, तुम्ही सगळ्या पदराने वारा घेत असताना, मला थंडी वाजायची. शेजारणी म्हणाल्या, अकलोलीच्या कुंडात अंघोळ कर, अंग मोकळं होईल. रोज जायला लागले. पाण्यात असेपर्यंत बरं वाटायचं, घरी आले की पुन्हा शाल.

मग केस गळायला लागले. तोंड सुजायचं, आवाज घोगरा झाला, शौचाला साफ होईना. पाळीला इतकं जायचं की घराबाहेर पडायची भीती वाटे. वजन वाढलं, म्हणून घरचे म्हणायचे, बसून खाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विसरायला लागले. गिऱ्हाईकाचं माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं राहून जायचं. एरवी जत्रेच्या गर्दीतही मी देवीच्या बावन्न पायऱ्या एका दमात चढायची. त्या वर्षी मध्येच बसले आणि रडले. का रडते तेही सांगता येईना.

घरात मी आळशी ठरले. त्याचं फार वाटलं नाही, ती भाषा आपल्याला नवी नाही. पण आपल्या बैठकीतही कुणीतरी म्हणालं, "ताईंचा आता उत्साह राहिला नाही." ते लागलं. आणि लागलं तेव्हा मला आठवलं, की हेच वाक्य मीसुद्धा एकदा वापरलं होतं. भिवंडीची एक मैत्रीण बैठकीला यायची बंद झाली होती. घरात यंत्रमागाची खडखड, नवऱ्याची पाळी सांभाळायची, मुलं. आली तरी भिंतीला टेकून झोपायची. मी म्हटलं होतं, "हिला चळवळीचं काही पडलेलं नाही." तिला काय होतंय, हे मी विचारलं नव्हतं.

माझ्या बाबतीत शेवटी विचारलं ते एका आरोग्यसेविकेने. मी रक्तवाढीच्या गोळ्या घ्यायला गेले होते. तिने गळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हा व्रण कसला? ऑपरेशननंतर थायरॉईड तपासलंय का?" दीड वर्षात हा प्रश्न कुणी केला नव्हता. रक्त तपासलं. टीएसएच खूप वाढलेला होता.

आता हा टीएसएच काय, ते नीट समजून घेऊ, कारण इथे बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. थायरॉईड ही कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी दोन पंखांची ग्रंथी. शरीराची चूल किती पेटती ठेवायची हे ती ठरवते. मेंदूच्या तळाशी दुसरी एक ग्रंथी आहे, पीयूषिका. ती थायरॉईडला हाक मारते, "काम कर." ती हाक म्हणजे टीएसएच. थायरॉईडकडून काम होत नसलं की हाक मोठी होते. म्हणून कागदावर आकडा वाढलेला दिसला, तर थायरॉईड कमी पडतेय असं समजायचं. घरी "वाढलंय" असं सांगतात आणि बाई घाबरून मीठ सोडते. तसं करू नका.

एक पंख काढला तरी बऱ्याच जणींचा दुसरा पंख काम भागवतो. पण साधारण पाचांतल्या एकीचा भागवत नाही. कुणाला काही महिन्यांत त्रास होतो, कुणाला काही वर्षांनी. म्हणून अर्धी ग्रंथी काढल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासायचा, पहिल्या वर्षात पुन्हा एकदा-दोनदा, आणि मग वर्षाला एकदा तरी. हे कुणी सांगितलं नाही तर आपण विचारायचं.

हे ज्ञान काही नवीन नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न गावी थिओडोर कोखर नावाचे सर्जन होते. गलगंडाची ऑपरेशनं त्यांच्याइतकी सफाईने कुणी करत नव्हतं. त्यांना कळलं की पूर्ण ग्रंथी काढलेली एक मुलगी मंद, सुस्त झाली आहे. तेव्हा त्यांनी जुन्या पेशंटांना परत बोलावलं, तपासलं, आणि आपल्या ऑपरेशनाने काय झालं ते १८८३ साली जगापुढे मांडलं. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १८९१ मध्ये इंग्लंडच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. आज आपली गोळी कारखान्यात तयार होते. कोखरांनी पेशंटांना परत बोलावलं, ही गोष्ट मला त्यांच्या पारितोषिकाहून मोठी वाटते. मला कुणी परत बोलावलं नाही.

गोळीबद्दल आता कामाचं सांगते. लिहून घ्या, म्हणजे घरी दाखवता येईल.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. पहाटे पाण्याला जाणारीने उठल्याबरोबर गोळी घेऊन निघावं, परत येईपर्यंत वेळ होतो. उपासाच्या दिवशीही घ्यायची. नवरात्रात नऊ दिवस गोळी बंद ठेवणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. देवी गोळीवर रागावत नाही.

लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणी दोन्ही घेतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. दोन्ही गोळ्या एकदम गिळल्या तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. एक सकाळी, दुसरी दुपारी किंवा रात्री.

गोळी सुरू केली की दुसऱ्या दिवशी बरं वाटत नाही. मला नीट वाटायला दोन महिने लागले, आणि केस थांबायला त्याहून जास्त. मात्रा ठरवायला सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावं लागतं. त्याआधी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. आणि वजन उतरावं म्हणून आपल्या मनाने दोन घेऊ नका. जास्त झाली तर छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात.

मूल हवं असेल तर आधी तपासून घ्यावं. दिवस राहिले की लगेच दवाखान्यात सांगायचं, कारण तेव्हा मात्रा बहुधा वाढवावी लागते. "बाळाला नको" म्हणून गोळी बंद केली, तर बाळाचंच नुकसान होतं.

आयोडीनयुक्त मीठ जरूर खावं, त्याने आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड टळतो. पण कापून काढलेला पंख मिठाने परत येत नाही. अंगाऱ्याने किंवा कुंडाच्या पाण्यानेही येत नाही. कुंडात मी अजून जाते, सांधे मोकळे होतात म्हणून. गोळी घेऊन जाते.

"जन्मभर गोळी?" हे ऐकून माझ्या जावेला रडू आलं होतं. शरीर जे स्वतः बनवत होतं तेच आपण बाहेरून देतो, इतकंच. त्याचं व्यसन लागत नाही. गोळी महाग नाही, आणि ती सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. महाग पडतं ते तपासणीसाठीचं गाडीभाडं आणि बुडालेला रोज. म्हणून आपली मागणी अशी असायला हवी, की तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात नेमाने व्हावी आणि थायरॉईडचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख मराठीत लिहिलेली असावी. आणि तो कागद पेटीत बाईच्या स्वतःच्या कप्प्यात असावा. माझा कागद नवऱ्याच्या फायलीत, वीजबिलांच्या खाली सापडला.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. तेव्हा आपण म्हणालो होतो, बायका सोसतात, सांगत नाहीत. मला आता वाटतं, आपण विचारतो किती, हेही बघायला हवं.

त्या भिवंडीच्या मैत्रिणीकडे मी गेले. तिची माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "ताई, तेव्हा मलाच वाटायचं की मी आळशी आहे." तिला तपासणीला घेऊन गेले. थायरॉईड अगदी ठीक निघालं. रक्त मात्र सहावर आलं होतं. म्हणजे माझा आजार तिचा नव्हता. प्रत्येक थकवा थायरॉईडचा नसतो. पण प्रत्येक थकव्याला कारण असतं, आणि ते शोधायचं असतं.

यापुढे आपल्या बैठकीला एखादी यायची थांबली, तर रजिस्टरमध्ये गैरहजेरी मांडण्याआधी एकीने तिच्या घरी जायचं. जाऊन विचारायचं, "तुला बरं वाटतंय ना?" तिच्या गळ्यावर व्रण असेल तर त्याबद्दलही विचारायचं.

आता चहा आलाय. मी पहाटेच गोळी घेतलीय, तेव्हा मला द्यायला हरकत नाही. (हशा, टाळ्या)