शिक्षण, दिव्यांग बालके आणि शासनाचे उत्तरदायित्व

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत दिलेले भाषण)



मेळाव्याच्या निमित्ताने चार शब्द बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ज्ञातीचा पूर्वेतिहास, वधुवरांचा प्रश्न, विद्यार्थ्यांचा सत्कार हे आपल्या व्यासपीठाचे नेहमीचे विषय आहेत आणि ते योग्यच आहेत. परंतु ज्या भूमीवर आज आपण जमलो आहोत, त्या भूमीनेच आम्हांस एक निराळा विषय सुचविला. तो आहे आपल्या मुलांच्या, आणि त्यांतही शरीराने वा बुद्धीने अधू असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा, आणि त्या बाबतीत शासनाकडे हिशेब मागण्याच्या आपल्या हक्काचा.

पुणे-बंगळूर हमरस्त्यालगत कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेली ही वसाहत पाहा. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी, रेंदाळ या गावांच्या पंचक्रोशीत ती उभी आहे. जेथे शेते आणि माळ होते, तेथे आज कापडाच्या गिरण्या, ओतशाळा आणि यंत्रशाळा चालू आहेत. हे कोणा एका उद्योगपतीचे कर्तृत्व नव्हे. राज्याने १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले, जमिनी संपादन केल्या, आखणी केली, रस्ते, पाणी आणि वीज आणून दिली आणि मग उद्योजकांना पाचारण केले. सरकारने मनावर घेतले म्हणजे काय होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. आम्ही या कामाचे कौतुकच करतो. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांची चूल या वसाहतीवर पेटते, हे आम्ही विसरलेलो नाही.

परंतु येथूनच आमचा प्रश्न सुरू होतो. यंत्राला पाणी किती लागेल, वीज किती लागेल, मालमोटार वळण्यास रस्ता किती रुंद असावा, याचा हिशेब ज्या सरकारला आधी करता येतो, त्याला त्याच पंचक्रोशीतील ऐकू न येणाऱ्या मुलास शिक्षक किती लागतील याचा हिशेब का करता येऊ नये? यंत्रांसाठी पाच तारे मिळाले. आमच्या मुलांच्या शाळेस किती मिळाले, हे विचारणे म्हणजे राजद्रोह नव्हे. ते नागरिकाचे कर्तव्य आहे.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्याचे सार हेच होते की सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, मात्र शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. दुसऱ्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैसा नाही, लोकांची तयारी नाही, ही कारणे तेव्हाही पुढे करण्यात आली.

आणि त्याच काळात आपल्या करवीर संस्थानात काय घडले? कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक जाऊन गादीवर आलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. या दंडाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु तिचा दुसरा अर्ध आपण विसरतो. महाराजांनी सक्ती प्रथम स्वतःच्या खजिन्यावर केली आणि मग रयतेवर केली. शाळा, शिक्षक आणि पैसा यांची तजवीज करणे हे दरबाराने आपले कर्तव्य मानले. म्हणूनच दंड घेण्याचा त्यास नैतिक अधिकार होता.

आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांचा तर या इतिहासाशी रक्ताचा संबंध आहे. १९०१ सालापासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघत गेली. समाजाने पुढे यावे, आणि दरबाराने जागा, इमारती व उत्पन्न द्यावे, असा तो करार होता. समाजाने काम केले म्हणून दरबाराने हात झटकले नाहीत. आणि दरबाराने दिले म्हणून समाज स्वस्थ बसला नाही. आम्हांस आज हाच करार पुन्हा वाचावयाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर भारताच्या राज्यघटनेने ४५ व्या अनुच्छेदात दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ती दहा वर्षे १९६० साली संपली. शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ साल उजाडले, आणि त्याचा कायदा अंमलात येण्यास १ एप्रिल २०१० ही तारीख यावी लागली. मधल्या काळात कोठारी आयोगाने १९६६ साली आपला अहवाल दिला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच जिल्ह्यातील, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्या आयोगाचे सांगणे होते. १९६८ च्या धोरणाने ते मान्य केले, १९८६ च्या धोरणाने उच्चारले, २०२० च्या धोरणाने पुन्हा उच्चारले. सहा टक्क्यांचा तो टप्पा मात्र आजवर एकदाही गाठला गेलेला नाही. तीन धोरणांनी एकच वचन द्यावे आणि तिन्ही वेळा ते अपुरे राहावे, यास आम्ही प्राधान्यक्रमाचा प्रश्न म्हणतो.

आता दिव्यांग बालकांकडे वळू. पूर्वी अपंग म्हणत, आता दिव्यांग म्हणतात. शब्द गोड झाला, यात आनंद आहे. पण शब्दाने शाळेची पायरी उतरती होत नाही. केंद्राने सर्वसाधारण शाळांतून अपंग मुलांस शिक्षण देण्याची योजना १९७४ साली काढली. १९९५ साली पहिला व्यापक कायदा झाला. त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती एकवीस केली. ज्या मुलाचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक आहे, त्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करून अशी मुले शोधून काढावीत, असेही कायदा सांगतो. कायद्याच्या पुस्तकात उणीव नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

उणीव आहे ती शिकविणाऱ्या माणसांची. विशेष शिक्षकांच्या नेमणुकीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली न्यायालयाने निर्णय दिला. त्यानंतर केंद्राने प्रमाण ठरविले, ते असे: प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. तरीही मार्च २०२५ मध्ये, तुम्ही पदे तरी मंजूर करा, असे न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले. आपल्या राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रत्येक केंद्रशाळेस एक याप्रमाणे ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचे ठरविले. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या शिक्षकांस त्यामुळे स्थैर्याची आशा वाटली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु एका केंद्राखाली अनेक शाळा असतात. एका शिक्षकाने सोमवारी एका गावी अंध मुलास आणि मंगळवारी दुसऱ्या गावी कर्णबधिर मुलास शिकवावयाचे असेल, तर त्या मुलांचे उरलेले दिवस कोणाच्या भरवशावर जाणार, हे विचारलेच पाहिजे.

पैशाचेही तसेच आहे. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलामागे वर्षाला ३५०० रुपये ठरविलेले आहेत. भागाकार केला तर दिवसाला दहा रुपयेही होत नाहीत. त्यातच साधने, प्रवास, मदतनीस आणि उपचार बसवावयाचे. दुसरीकडे नागरिकाकडून शिक्षणाच्या नावाने अधिभार घेतला जातोच. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या अधिभारापोटी २००६-०७ ते २०१६-१७ या काळात सुमारे ८३ हजार कोटी रुपये जमा झाले, आणि त्यासाठी वेगळा निधी मात्र त्या काळात उभारला गेला नव्हता, हे आम्ही म्हणत नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी म्हटले आहे. देवळाच्या दानपेटीचा हिशेब आपण पंचांकडे मागतो. मग या पेटीचा का मागू नये?

कित्येकदा शासन आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवू पाहते. खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांत दिव्यांग बालकेही येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. २०२३ साली शाळा दत्तक देण्याची योजना निघाली. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षे सरकारी शाळेस साहाय्य करावे, आणि त्याची इच्छा असल्यास शाळेस त्याचे नाव जोडावे, असा तिचा आशय. उद्योजकांच्या औदार्याबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु ज्याला आईबाप हयात आहेत त्या मुलास कोणी दत्तक देत नाही. शाळेचे पालक शासन आहे, आणि ते हयात आहे.

या वसाहतीतील कारखानदार बंधूंनाही दोन शब्द. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास द्यावयाचे असतात, आणि त्या कार्यांच्या यादीत विशेष शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. हा पैसा रंगरंगोटी आणि फलकांवर जाण्याऐवजी श्रवणयंत्रे, ब्रेल पुस्तके, वाहन आणि उपचारतज्ज्ञ यांवर गेला तर पंचक्रोशीचे कल्याण होईल. आपले बहुतेक बांधव लहान कारखान्यांचे मालक वा नोकरदार आहेत. त्यांस हा कायदा लागू होत नाही. परंतु हाताने कुशल अशा कर्णबधिर तरुणास यंत्रावर उभे करण्यास कोणताही कायदा आड येत नाही.

कोल्हापूरची भूमी या कामात वांझ नाही. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरझूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र आपणांपैकी अनेकांनी वाचले असेल. अशा व्यक्तींना आपण वंदन करतो. मात्र अशी एखादी असामान्य व्यक्ती जिल्ह्यात निपजली म्हणजे शासनाचे काम झाले, असे मानणे हा तिच्या श्रमांचाही अपमान होय.

शेवटी, आपल्या घराकडे पाहू. अजूनही कित्येक कुटुंबांत असे मूल पाहुण्यांपासून लपविले जाते. बहिणीचे लग्न जमणार नाही, लोक काय म्हणतील, ही भीती. आईबापांच्या त्या दुःखास आम्ही नावे ठेवीत नाही. पण जे मूल मोजले गेले नाही त्याच्यासाठी शिक्षकाचे पद मंजूर होत नाही, हे व्यवहाराचे सत्य आहे. आपण लपविलेले मूल सरकारला न देण्याचे निमित्त पुरविते. आणि जी ज्ञाती अशा घरातील मुलीस आनंदाने सून करून घेईल, तीच हे भय घालवू शकेल. सरकारी अधिनियमाने ते जाणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी. मंडळाच्या कुटुंबनोंदणीत यंदापासून दिव्यांग व्यक्तींसाठी स्वतंत्र रकाना असावा, आणि ती माहिती केवळ साहाय्यासाठी वापरली जावी. अपंगत्वाचा दाखला व ओळखपत्र मिळवून देण्यास दोन तरुण कार्यकर्ते नेमावेत. प्रत्येक गावातील आपल्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसावे, आणि ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा पाच टक्के निधी कोठे खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारावे. कारखान्यांच्या करांमुळे ज्या ग्रामपंचायतींचे उत्पन्न वाढले आहे, तेथे तर हा प्रश्न अधिकच लागू पडतो. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यास बंधनकारक आहे. आणि हे सर्व केवळ ज्ञातीच्या मुलांसाठी न करता त्या शाळेतील प्रत्येक मुलासाठी करावे. परराज्यांतून येथे राबावयास आलेल्या कामगाराचे मूलही त्याच बाकावर बसते.

शाहू महाराजांच्या काळी मूल शाळेत न गेले तर बापास एक रुपया दंड होता. आज बाप मुलास शाळेच्या दारी घेऊन उभा आहे आणि आत शिक्षक नाही. हा दंड आता कोणी भरावयाचा, हे विचारण्याचे धैर्य आपल्या मंडळाने दाखवावे, अशी आमची प्रार्थना आहे.