औषध फुकट, पण जेवणाचे काय?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मला हिशेब बरा जमतो, म्हणून आज एका आजाराचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

माझे चाचा भिवंडीत यंत्रमागावर काम करायचे. २०१६ साली त्यांना टीबी झाला. गोळ्या फुकट मिळाल्या. चाचींनी एकही डोस चुकू दिला नाही. चाचांचे वजन तेव्हा ४२ किलो होते, पण पुढे ते कुणी मोजले नाही. ‘चांगलं खा’ एवढेच सांगितले गेले. काम सुटलेल्या घरात चांगले कुठून आणणार? दूध, अंडे जे येई ते चाचांच्या ताटात जाई. चाची आणि मुली पातळ डाळ-रोटीवर भागवत. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. औषधाला पैसे लागत नाहीत हे कळल्यावर मी निर्धास्त झालो. चूक माझीही होती.

चाचा बरे झाले. पण सात महिन्यांनी त्यांच्या थोरल्या मुलीला टीबी निघाला. तिची बारावी राहिली ती राहिलीच. कर्ज फिटायला चार वर्षे लागली. आम्ही म्हणालो, नशीब.

ते नशीब नव्हते, हे मला झारखंडमधल्या ‘रेशन्स’ या अभ्यासामुळे कळले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे होती. सगळ्या रुग्णांना औषधासोबत दरमहा दहा किलो शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. निम्म्या गटांत घरातल्या इतरांनाही तांदूळ आणि डाळ दिली. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. संसर्गजन्य टीबी तर ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४२ किलोच्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

आता पैशांचे बघू. २०१९च्या भावाने हा शिधा रुग्णामागे महिन्याला सुमारे १३ डॉलरना पडला, म्हणजे हजार रुपयांच्या आत. घरातल्या इतर माणसांसाठी दरडोई सुमारे ४ डॉलर. दुसऱ्या पारड्यात काय टाकायचे? बुडालेली मजुरी, व्याज, मुलीचे शिक्षण आणि सरकारला पुन्हा करावा लागणारा सहा महिन्यांचा उपचार. कोणते पारडे जड, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

हे फक्त गरीब देशांचे दुखणे आहे असेही नाही. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या २,०८८ रुग्णांवर अभ्यास झाला. रोजचे रुग्णालयाचे जेवण घेणाऱ्यांपैकी १० टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले. आहारतज्ज्ञाने ज्यांचा आहार एकेकाची गरज पाहून ठरवला, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. तो अभ्यास २०१९चा.

आपल्याकडे निक्षय पोषण योजनेत २०१८पासून टीबी रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत. दिवसाला सतरा रुपयेही नाहीत. नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. हे चांगलेच झाले, पण ही रक्कम रुग्णापुरती आहे. चूल तर सगळ्या घराची एकच असते.

म्हणून माझी तीन मागणी-वजा सूचना आहेत. एक, वस्तीत टीबीचा रुग्ण असेल तर दर महिन्याला त्याचे वजन करून वहीत लिहा. वजनकाटा मी देतो. दोन, बँक खात्याअभावी कुणाचे पैसे अडले असतील तर दोन तास काढून त्याच्यासोबत बँकेत जा. तीन, आपण जो शिधा वाटतो, त्यातला काही या घरांसाठी वर्षभर राखून ठेवा, आणि तो रुग्णापुरता नको, घरातल्या प्रत्येक माणसाच्या मापाने द्या. ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करूनही हे करता येते.

आणि हो, आजार लपवू नका. लपवलेल्या आजाराला शिधा पोहोचत नाही.

माझी बहीण आज बरी आहे, शिवणकाम करते. परवा म्हणाली, “भाईजान, तेव्हा अब्बूंसोबत आम्हालाही कुणी जेवायला विचारलं असतं तर?” तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या घरासाठी तरी ते आपल्याकडे असावे.