थांबलेली कात्री

(ज्ञातिमंडळाच्या देवळाली कॅम्प येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या शिंपी समाजातील पुष्कळ मुलेमुली आज वेशरचनेचे, वस्त्रांवरील नक्षीचे व जाहिरातकलेचे रीतसर शिक्षण घेऊन ‘डिझायनर’ म्हणून व्यवसाय करू लागली आहेत. ही संतोषाची गोष्ट होय. परंतु त्यांच्याकडून एक तक्रार वारंवार आमच्या कानी येते. कागद समोर असतो, मुदत जवळ आलेली असते, आणि काही सुचत नाही. दिवसामागून दिवस जातात. मग ‘आपल्या अंगी प्रतिभाच नाही’ असा ग्रह होतो, आणि घरची वडीलधारी माणसे ‘त्यापेक्षा कोठे तरी नोकरी धर’ असा सल्ला देतात. अशा रीतीने चांगले हात या व्यवसायातून निघून जात आहेत. म्हणून आज याच विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आपण ज्या गावी जमलो आहोत, त्या गावाचे नाव इंग्रजी भाषेत एका विचित्र अर्थाने रूढ झाले आहे. ब्रिटिश अमदानीत मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या शिपायांस येथील छावणीत आणून ठेवीत. त्यांना नेणारी जहाजे वर्षातील ठराविक महिन्यांतच सुटत. त्यामुळे ज्यांच्या नोकरीची मुदत अवेळी भरे, त्यांस येथे महिनोन्महिने बसून राहावे लागे. फारसे काम नाही, नुसती जहाजाची वाट. त्या कंटाळ्याने आणि तापाने कित्येकांचे चित्त थाऱ्यावर राहीना. तेव्हापासून डोके फिरलेल्या मनुष्यास इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणू लागले. वस्तुतः देवळालीची हवा आरोग्यदायक. येथे पुढे आरोग्यभुवनेही निघाली. तेव्हा दोष हवेचा नव्हता, रिकाम्या हाताने वाट पाहण्याचा होता.

काही सुचेनासे झाले की आपला तरुण नेमके हेच करतो. स्फूर्तीचे जहाज लागेल म्हणून तो बसून राहतो. आमचे सांगणे इतकेच की, जहाजाची वाट पाहू नये. हाताला काम द्यावे. हात चालू लागला म्हणजे मन त्याच्यामागून येते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. दादासाहेब फाळके आपल्या ज्ञातीचे नव्हेत, पण त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला आणि देहावसान १९४४ साली नाशिकास झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा मनुष्य मुळात चित्रे, छायाचित्रे व छपाई यांचा कारागीर होता. १९१२ साली विलायतेहून ते चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्याजवळ नट नव्हते, देखावे नव्हते, भांडवलही नव्हते. मग त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रुजून वाढेपर्यंत ठराविक अंतराने त्याची चित्रे टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो चिमुकला चित्रपट. तो दाखवूनच त्यांनी पैसेवाल्यांचा विश्वास संपादन केला, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. मोठे काम अडले असता त्यांनी मुठीत मावेल असे काम हाती घेतले. ज्यास संपूर्ण पोशाख सुचत नाही त्याने एक बाही बेतावी; बाहीही सुचत नसेल तर गळ्याची एक पट्टी बेतावी. आपल्या भाषेत कापड बेततात आणि मनात बेतही करतात. पुष्कळदा कापड बेतता बेतताच मनातला बेत उलगडतो.

कोणी म्हणेल, फाळक्यांची अडचण पैशाची होती, सुचण्याची नव्हे. परंतु तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा काय झाले ते पाहा. त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांस लुगडे नेसवून तारामती केले; आणि १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. अडचणीने येथे बुद्धीस वाट करून दिली. हे तत्त्व आपल्या धंद्यास नवे नाही. छावणी म्हटली की गणवेश आला, आणि गणवेश म्हटला की शिंपी आला. गणवेशात गुंडीची जागासुद्धा नेमून दिलेली. तरी एकाचा अंगरखा खांद्यावर शोभतो आणि दुसऱ्याचा लोंबतो. यास्तव काही सुचत नसेल तेव्हा मोकळीक वाढवू नये, उलट कमी करावी. ‘काहीही कर’ असे म्हटल्यास मन भांबावते. ‘दोनच रंग, एकच कापड, आणि उद्या सायंकाळपर्यंत’ असे बंधन घातल्यास त्यास पाय रोवावयास भूमी मिळते.

तथापि कधी कधी मन खरोखरच थकलेले असते, हेही आम्ही नाकारीत नाही. अशा वेळी त्यास चाबूक मारणे व्यर्थ होय. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतून मतभेदांमुळे फाळके बाहेर पडले आणि सहकुटुंब काशीस गेले. चित्रपटाशी आपला संबंध संपला असे त्यांनी मानले होते. परंतु तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने ते नाशिकला परतले आणि पुन्हा चित्रपट काढू लागले. विश्रांती म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. कामाचा पालट हीच कारागिराची विश्रांती. कागदावर मन लागत नसेल तर काजे करावी, जुने वस्त्र उसवून त्याची शिवण पाहावी, येवल्यास जाऊन पैठणीच्या पदरावरील मोर मागावर कसा उतरतो ते पाहावे. रिकाम्या मडक्यातून पाणी निघत नाही. ते आधी भरावे लागते.

आता पालकांस एक विनंती. मुलगा किंवा मुलगी दोन आठवडे अडली म्हणून तिचा व्यवसाय चुकला, असा निकाल देऊ नये. आणि मंडळास एक सूचना. आपल्या वृद्ध कारागिरांच्या घरी जुनी बेतणी, कापडाचे तुकडे, कशिद्याचे नमुने पेट्यांतून पडून आहेत. मंडळाने त्यांची एक वही करावी. महिन्यातून एकदा वृद्धांनी व तरुणांनी ती मध्ये ठेवून एकत्र बसावे, आणि प्रत्येकाने आपले अर्धवट काम, लाज न बाळगता, सोबत आणावे. एकट्याने अडलेली गाठ चौघांत लवकर सुटते. यास खर्च थोडा, परंतु त्याने एखादा चांगला हात जरी आपल्या व्यवसायात टिकला, तरी मंडळाचे वर्ष सार्थकी लागले असे आम्ही समजू.