पालखी, मखर आणि सुताराचा हात



पेणमध्ये येऊन लाकडाविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच आहे. पेणची कीर्ती मातीवर उभी आहे. इथले गणपती परदेशांतही जातात. पण ज्या चौरंगावर तो गणपती बसतो तो चौरंग, ज्यात बसतो ते मखर, आणि शेजारी रोह्यास दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदैवत धावीरमहाराज ज्या वाहनातून नगरप्रदक्षिणेस निघतात ती पालखी, ही सारी सुताराची कामगिरी आहे. आज त्या सुताराविषयी दोन शब्द बोलावे असे मनात आहे.

प्रश्न असा की, मूर्तिकाराची कला आणि देवाचे लाकूडकाम या दोन्ही विद्या घराण्याच्या. बापाने मुलाच्या हाती द्यावयाच्या. मग मूर्तीचे कारखाने पेणात गल्लोगल्ली, हमरापूर-जोह्यापर्यंत पसरले, आणि पालखीचे काम निघाले की मात्र चांगला हात शोधत फिरावे लागते, हे का? लाकूड महागले, मुले मुंबईला गेली, रोह्याजवळ धाटावला कारखाने आले, अशी उत्तरे आपण देतो. ती खोटी नाहीत. पण मुंबई आणि कारखाने मूर्तिकारांच्या मुलांनाही जवळच होते!

मला कारण निराळे दिसते. गणपतीचे विसर्जन होते. दर भाद्रपदात नवी मूर्ती हवी, म्हणून दरवर्षी पोरगा बापाशेजारी बसतो, माती मळतो आणि पुढे केव्हातरी डोळ्यांची आखणी शिकतो. पालखीचे विसर्जन होत नाही. उत्तम सागवानाची पालखी दोन-तीन पिढ्या सहज चालते. ज्याने ती केली त्याच्या मुलाला तसली दुसरी करण्याचा प्रसंगच येत नाही. सुतार जितका चांगला, तितके त्याच्या घरातले काम लवकर संपते. पालीच्या बल्लाळेश्वराचे देऊळ मुळात लाकडी होते असे सांगतात. पेशवाईत ते दगडी झाले. तेथे तर सुताराची दुरुस्तीही गेली.

आणि ही विद्या पाहून येणारी नव्हे. पालखी खांद्यावर हेलकावे खात चालते. खिळ्यांनी ठोकलेली असेल तर त्या हेलकाव्यांनी खिळे सैल होतात, कोकणच्या दमट हवेत गंजतात आणि भोवतालचे लाकूड खातात. म्हणून जाणता सुतार साल आणि कूस जुळवून सांधा करतो. कूस म्हणजे एका लाकडाचे कोरून काढलेले टोक. साल म्हणजे दुसऱ्यातली त्याच्या मापाची खोबण. आता पाहा, दसऱ्याला लाकूड पावसाने फुगलेले असते, आणि शिमग्यापर्यंत ते सुकून आकसते. सांधा फार घट्ट केला तर लाकूड पावसाळ्यात तडकेल, सैल ठेवला तर शिमग्याला पालखी कुरकुरेल. हे प्रमाण गुण्या आणि खतावणी सांगत नाहीत. हाताला कळावे लागते. कमळाची पाकळी किंवा वेल कोरताना लाकडाची शीर कुठे वळते हे पटाशीला आधी लागते, डोळ्यांना मागून दिसते. वरून चांदीचा पत्रा चढला की हे सारे कोरीवकाम झाकून जाते. देवाला चांदी शोभते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पत्र्याखाली जाणाऱ्या लाकडावर नक्षी कोरायला कोण कशाला सांगेल?

इतरत्र लोकांनी यावर काय केले? जगन्नाथपुरीस तिन्ही रथ दरवर्षी नवे करतात. अक्षय्य तृतीयेला काम सुरू होते आणि आषाढ शुद्ध द्वितीयेला रथ निघतात. सोळा, चौदा आणि बारा अशी बेचाळीस चाके, वंशपरंपरेचे सुतार घडवतात. जपानमध्ये इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. मागचे 2013 साली झाले, पुढचे 2033 साली व्हायचे आहे. वीस वर्षांत उमेदवाराचा कारागीर होतो आणि कारागिराचा गुरू. श्रद्धेची कारणे त्यांची त्यांना ठाऊक. पण विद्या टिकली ती या वहिवाटीने.

आपल्याकडे पूर्वी ही उणीव बलुत्याने भरून निघे. सुतार वर्षभर नांगर, पाट, देव्हारे करी, आणि तोच तयार हात प्रसंगी पालखीला लागे. नांगर गेला, पाट प्लायवुडचा झाला, मखर थर्माकोलचे झाले. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मला वाटले, आता लाकडी मखराचे दिवस येतील. बाजारात आले ते पुठ्ठ्याचे मखर! घडीचे लाकडी मखर महाग पडते हे खरे. पण ते माळ्यावर ठेवून वर्षानुवर्षे वापरता येते, आणि सांधे त्यालाही पालखीचेच लागतात.

म्हणून देवस्थानांच्या पंचमंडळींस माझी एक विनंती आहे. दरवर्षी एखादा चौरंग, एखादा देव्हारा, अब्दागिरीचा एखादा दांडा तरी गावच्या सुताराकडून, त्याच्या मुलाला हाताशी घेऊन, करवून घ्यावा. वर्गणीतल्या रोषणाईच्या रकमेतून तेवढे सहज निघेल. आणि जुन्या पालखीचा सांधा उकलण्याची वेळ आली, तर ते काम बंद दाराआड उरकू नये. परिसरातल्या सुतारांना आधी निरोप धाडावा. कूस किती लांब होती आणि पाचर कोणत्या बाजूने मारली होती, हे सांधा उघडा असतो तेवढ्याच दोन दिवसांत पाहायला मिळते.