यंत्राची तोंडी परीक्षा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात शिक्षक प्रतिनिधी या नात्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक सभेत एक वाक्य हमखास कानावर येते. "सर, मुलाला कॉम्प्युटरला घातला आहे, आता काळजी नाही." कॉम्प्युटरला घातला म्हणजे बहुधा तीन महिन्यांच्या वर्गात नाव घातले, तेथे तो अर्ज टाइप करावयास आणि तक्ते भरावयास शिकतो. हे शिक्षण निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या क्षेत्रात एक फार मोठे काम असे आहे की त्याचे नाव आपल्या मोहल्ल्यात क्वचितच कोणी घेतो. ते काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामची परीक्षा घेणे. परीक्षा घेणे हा आम्हा शिक्षकांचा धंदाच असल्यामुळे, बी. ए. बी. एड. झालेल्या भाषा शिक्षकाने या विषयावर बोलण्याचे धाडस केले तर आपण क्षमा कराल अशी आशा आहे.

विषय मोठा आहे, म्हणून त्याचा एकच कोपरा घेतो. संगणकाशी चित्रांवर बोट ठेवून न बोलता अक्षरे टाइप करून बोलण्याची एक जुनी पद्धत आहे. आपण एक हुकूम टाइप करतो, यंत्र तो पार पाडते, उत्तर छापते आणि पुढच्या हुकमाची वाट पाहते. हुकूम ऐकणाऱ्या या मधल्या प्रोग्रामला शेल म्हणतात. युनिक्स या प्रणालीचा पहिला शेल केन टॉम्पसन यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७१ साली लिहिला. त्याच संस्थेतील स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये आला. आज जगभर चालणारा बॅश हा शेल ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये प्रथम प्रसृत केला. मोठमोठ्या कंपन्यांचे हजारो संगणक आजही अशा हुकमांवर चालतात. शेल चुकला तर नुकसान कोणा एकाचे होत नाही.

आता शेलची परीक्षा कशी घ्यावी? लेखी परीक्षा सोपी आहे. प्रश्नांची फाइल द्यावी, उत्तरांची फाइल घ्यावी, नमुना उत्तराशी ताडून पाहावी. परंतु शेलचा बराचसा कारभार तोंडी असतो. अर्धा शब्द टाइप करून टॅबचे बटन दाबले की तो उरलेला शब्द पुरा करतो. काम मध्येच थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी दाबतात. बाजूला ठेवण्यासाठी कंट्रोल आणि झेड. मागे दिलेला हुकूम बाणाच्या बटनाने परत येतो. यांपैकी काहीही लेखी परीक्षेत येत नाही. आणि खरी गंमत अशी की, फाइलमधून हुकूम दिले तर शेलला समोर माणूस नाही हे कळते! मग तो 'बोला' अशी खूणसुद्धा दाखवत नाही. या खुणेला प्रॉम्प्ट म्हणतात.

आमच्या जुन्या शिक्षकांना दिपोटी साहेबांची तपासणी आठवत असेल. साहेब येणार म्हटले की वर्ग सारवलेला, फळा काळाभोर, मुले हाताची घडी घालून बसलेली. तो वर्ग पाहून रोजची शाळा कशी चालते हे साहेबांना कधी कळले असेल काय? म्हणून परीक्षकाने साध्या गिऱ्हाईकाच्या वेशात जावे लागते. संगणकात या वेशाला स्यूडो-टर्मिनल म्हणतात, म्हणजे नकली पडदा व नकली कळफलक. शेलला वाटते समोर माणूस बसला आहे. असतो मात्र परीक्षा घेणारा प्रोग्राम.

या कामाचे एक प्रसिद्ध साधन अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेतील डॉन लिब्स यांनी तयार केले आणि १९९० साली लोकांपुढे मांडले. त्याचे नाव एक्स्पेक्ट. त्या काळची अडचण ऐकण्याजोगी आहे. डिस्क तपासणारा एक प्रोग्राम प्रत्येक बिघाडाला "दुरुस्त करू काय?" असे विचारी. माणूस जवळ नसेल तर दोनच मार्ग होते: सगळ्याला हो म्हणून ठेवा, किंवा सगळ्याला नाही म्हणून ठेवा. प्रश्न ऐकून त्याप्रमाणे उत्तर देणारा मधला माणूस नव्हता. पासवर्ड विचारणारे प्रोग्राम तर फाइलमधले उत्तर घेतच नसत. ते थेट टर्मिनलला विचारीत. एक्स्पेक्टची भाषा मुख्यतः तीन शब्दांवर उभी आहे. स्पॉन म्हणजे समोरचा प्रोग्राम सुरू कर. सेंड म्हणजे हे टाइप कर. एक्स्पेक्ट म्हणजे अमुक मजकूर दिसेपर्यंत थांब. तीन-चार वेगवेगळी उत्तरे अपेक्षित असतील तर प्रत्येकासाठी वेगळी वाट आखून देता येते.

यातला 'थांब' हा शब्द सर्वांत कठीण आहे. नवशिक्या परीक्षक काय करतो? हुकूम पाठवतो, दोन सेकंद झोपतो आणि पुढचा हुकूम पाठवतो. त्याच्या यंत्रावर सगळे ठीक चालते. तीच परीक्षा दुसऱ्याच्या मंद यंत्रावर नेली की पहिले उत्तर यायच्या आधीच दुसरा प्रश्न जाऊन पडतो आणि सगळा गोंधळ होतो. आज पास, उद्या नापास, परवा पुन्हा पास. अशा परीक्षेवर लोकांचा विश्वास उडतो, आणि एकदा तो उडाला की खरा दोष दाखवला तरी कोणी लक्ष देत नाही. योग्य रीत ही की घड्याळाकडे न पाहता प्रॉम्प्टची वाट पाहावी, आणि फार उशीर झाला तरच हात टेकावे. एक्स्पेक्टमध्ये ही मुदत मुळात दहा सेकंदांची ठेवलेली आहे. हवी तशी बदलता येते.

दुसरा सापळा प्रतिध्वनीचा. आपण जे टाइप करतो ते टर्मिनल पडद्यावर परत दाखवते. समजा परीक्षकाने हुकूम दिला, "'झाले' असे छाप," आणि मग पडद्यावर 'झाले' हा शब्द येण्याची वाट पाहिली. शब्द लगेच दिसतो, परीक्षक खूश! परंतु तो शेलने दिलेला जबाब नव्हे, परीक्षकाचाच शब्द परत आला आहे. शेल अडकून पडलेला असला तरी तो दिसू शकतो. वर्गात प्रश्न विचारला की तोच प्रश्न मोठ्याने म्हणून वेळ काढणारे विद्यार्थी आम्हाला नवे नाहीत. त्यांना आम्ही गुण देत नाही. यावर उपाय साधा आहे. प्रश्नात नसलेला शब्द उत्तरात यावा असा प्रश्न विचारा. सात आणि पाच यांची बेरीज छाप म्हणा आणि बाराची वाट पाहा.

परीक्षेची खोलीही सर्वांना सारखी हवी. एकाच्या शेलचा प्रॉम्प्ट रंगीत, दुसऱ्याच्या प्रॉम्प्टमध्ये तारीख-वेळ, तिसऱ्याची भाषा वेगळी. म्हणून चांगला परीक्षक आधी प्रॉम्प्ट, भाषा आणि टर्मिनलचा प्रकार स्वतः ठरवून देतो.

आता ज्या गोष्टीने मला, एक शिक्षक म्हणून, खरोखर विचारात पाडले ती सांगतो. एक्स्पेक्टच्या पायावर डेजाग्नू नावाची परीक्षा-व्यवस्था उभी आहे. जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा दोष शोधणारा प्रोग्राम यांच्या परीक्षा तीत होतात. आमच्या निकालपत्रकात पास आणि नापास हे दोन रकाने. डेजाग्नूच्या निकालात ते दोन आहेतच, पण आणखीही आहेत; त्यांपैकी पाच असे. एक, नापास होईल हे आधीच माहीत होते, आणि झाला. दुसरा, नापास होईल असे धरले होते, पण पास झाला. हीसुद्धा चौकशी करण्यासारखी गोष्ट मानतात. तिसरा, निर्णय लागू शकला नाही. चौथा, परीक्षाच घेतली गेली नाही. आणि पाचवा, परीक्षेला लागणारी सोयच त्या ठिकाणी उपलब्ध नव्हती.

पालकहो, या पाचव्या रकान्यापाशी मी थबकलो. यंत्राच्या बाबतीत लोक इतका न्याय करतात की, साधन नसल्यामुळे जे जमले नाही त्याला नापास म्हणत नाहीत, वेगळ्या रकान्यात मांडतात. आणि आपण? ज्या मुलीच्या घरी संगणक नाही, भावाचा फोन रात्री दहानंतर अर्धा तास मिळतो, तिला प्रात्यक्षिक जमले नाही की घरात म्हणतात, "हिचे डोके चालत नाही, शाळा पुरे." पुष्कळदा हा निकाल आम्ही शिक्षकही डोळे झाकून मान्य करतो. ती मुलगी कोणत्या रकान्यातली आहे हे आधी पाहिले पाहिजे.

असो. परीक्षा एकदा घेऊन भागत नाही. हिफ्ज करणाऱ्या मुलांचे पालक येथे बसले आहेत, त्यांना मी काय सांगावे? एका पवित्र गोष्टीची यंत्राशी बरोबरी करण्याचा हेतू मुळीच नाही, केवळ पद्धत ध्यानी यावी म्हणून म्हणतो. मूल रोज नवा सबक देते, त्याबरोबर सबकी म्हणजे नुकताच झालेला भाग ऐकवते, आणि मंझिल म्हणजे जुने पाठ झालेले पारेही ऐकवते. नवे चढताना जुने उतरू नये म्हणून ही योजना. प्रोग्रामचेही तसेच आहे. नवी सोय घातली की जुनी कोठेतरी मोडते, म्हणून प्रत्येक बदलानंतर जुन्या सगळ्या परीक्षा पुन्हा घेतात. हजारो प्रश्न रोज विचारणे माणसाला शक्य नाही, म्हणून ते काम यंत्राकडे. तरावीहमध्ये मागे उभा राहून लुकमा देणाऱ्याला सबंध कुरआन पाठ असावा लागतो. येथेही प्रश्न लिहिणाऱ्याला बरोबर उत्तर आधी माहीत असावे लागते. ते काम माणसाचेच.

याचा उपयोग किती मोठा, त्याचे अलीकडचे उदाहरण आहे. फिश नावाचा एक शेल २००५ पासून चालत आलेला. तो सी प्लस प्लस या भाषेत होता. २०२३ मध्ये त्याच्या मंडळींनी तो तुकड्या-तुकड्याने रस्ट या दुसऱ्या भाषेत लिहावयास घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी ४.० आवृत्ती दिली. चालत्या गाडीची चाके बदलण्यासारखे हे काम! परीक्षांचा संच हाताशी नसता तर प्रत्येक तुकड्यानंतर शेल पूर्वीसारखाच वागतो आहे हे कळले कसे असते? त्या संचात, टॅब दाबणे, काम मध्येच तोडणे, असे माणसासारखे वागणारे प्रश्नही आहेत. ते पायथॉन भाषेतील पेक्स्पेक्ट या साधनाने विचारले जातात.

परंतु परीक्षेची मर्यादाही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅशमधील एक भयंकर दोष जाहीर झाला. त्याला शेलशॉक हे नाव पडले. स्टेफान शाझेला यांनी तो शोधला. बाहेरून आलेल्या माहितीत दडवलेला हुकूम बॅश मुकाट्याने पार पाडत असे. दोष अगदी आरंभीच्या काळापासून, सुमारे पंचवीस वर्षे, तेथेच होता! पहिली दुरुस्तीही अपुरी ठरली. इतक्या वर्षांत असंख्य प्रश्न विचारले गेले असतील. हा एक विचारला गेला नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, येथेच तुमचे काम निघते. तुमच्यापैकी पुष्कळांना तीन लिप्या येतात. 'क्षि' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. यंत्राच्या हिशेबी ती चार चिन्हे आहेत. बॅकस्पेस एकदा दाबल्यावर किती पुसले जावे? उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. अनेक टर्मिनलांवर तिची अक्षरे सुटी पडतात किंवा उलटी लागतात. ज्याला ती लिपी वाचता येत नाही तो परीक्षक हे पाहूनही पुढे जाईल. तुम्ही जाणार नाही.

यासाठी पैशांची गरज नाही. लिनक्स, बॅश, एक्स्पेक्ट, पायथॉन हे सर्व मोफत आहे आणि जुन्या संगणकावर चालते. संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाच्या मोफत अॅपमध्ये शेल मिळतो. नाव विचारून सलाम करणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहा. मग त्याला नाव न देता नुसते एंटर दाबा. नाव देवनागरीत द्या, उर्दूत द्या, पाच हजार अक्षरांचे द्या. अर्धे नाव टाइप करून कंट्रोल आणि सी दाबा. प्रत्येक वेळी आधी वहीत लिहा की काय व्हावे असे तुम्हाला वाटते, आणि मगच बटन दाबा. नंतर हेच प्रश्न एक्स्पेक्टला विचारायला लावा.

वह्या शनिवारी दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे आणून द्याव्यात. ज्या मुलींना घरी फोन मिळत नाही त्यांनी शाळेच्या संगणकावर बसावे. पालकांची एका ओळीची चिठ्ठी पुरेल, आणि ती चिठ्ठी आजच लिहून दिली तरी चालेल. वस्सलाम.